मुलाला प्लेस्टेशन हवंय: आमच्यासारख्या घराला गेमिंग परवडतं का?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार. मी चिपळूणची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टर लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहेत. मुलगा नववीत, मुलगी पाचवीत.

मुलगा गेले कित्येक महिने प्लेस्टेशन ५ मागतोय. हट्ट करत नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. वहीच्या मागच्या पानावर त्याने हिशेब मांडून दाखवला: किंमत ५४,९९० रुपये, आजोबांनी दिलेले आणि साठवलेले पैसे वजा, उरलेल्याचे बारा हप्ते. त्यात गेमची किंमत कुठेच नव्हती. विचारलं तर म्हणाला, नवीन गेम साधारण पाच हजाराला येतो. मी पाचशेच्या आसपास धरून चालले होते.

२०२१च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचं सगळं गेलं. टीव्ही, फ्रिज, कपाटं, मुलांची पुस्तकंसुद्धा. तेव्हापासून विजेवर चालणारी कुठलीही महाग वस्तू घेताना आम्ही दोघंही थबकतो. पंचवीस, फार तर तीस हजार आम्ही दिवाळीपर्यंत बाजूला काढू शकतो. हप्ता नको आहे, घराचा एक चालू आहे तो पुरे.

दुसरी बाजू अशी की आत्तासुद्धा गेमिंग फुकट होत नाहीये. दोघं मिस्टरांच्या जुन्या फोनवर एक फुकटचा गेम खेळतात. परवा यूपीआयची हिस्टरी चाळत होते, तर कधी ८०, कधी १५९, कधी ४०० असे मिळून वर्षात साडेचार हजारांच्या वर गेलेले दिसले. कशासाठी, तर गेममधल्या माणसाचे कपडे आणि बंदुकीचा रंग. प्रत्येक वेळी बाबांना विचारून घेतलेले आहेत, त्यामुळे मुलावर रागवायचं कारण नाही. पण बेरीज कोणी केली नव्हती.

माझा खेळांना विरोध नाही. दोघं भावंडं एका फोनवर डोकं लावून बसतात तेव्हा एकमेकांशी जितकं बोलतात तितकं एरवी दिवसभरात बोलत नाहीत. सिनेमा, सहल, क्लास यांच्यासारखा हाही एक खर्च मानायची माझी तयारी आहे. फक्त तो पहिल्या दिवशी किती आणि नंतर दर वर्षी किती, हे मला आधी कळायला हवं. ज्यांनी स्वतःच्या घरात हे केलंय त्यांनी सांगावं. घरी चांगला टीव्ही आहे, ३० एमबीपीएसचं फायबर आहे. मुलाला स्पायडरमॅन आणि क्रिकेट हवंय, मुलीला शेती-बागेचे गेम आवडतात.

नारायणपेठी

ताई, मी कॉलेजात असताना घरच्यांना पटवून पीएस५ घेतला होता, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाजूने बोलतो.

वस्तू म्हणून त्याला तोड नाही. टीव्हीला जोडा, बटण दाबा, खेळा. ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकत बसणं नाही, व्हायरस नाही, "या मशीनवर चालेल का" हा प्रश्न नाही. आणि एक कन्सोल सहा-सात वर्षं जातो. पीएस४ २०१३ मध्ये आला, पीएस५ २०२० मध्ये. पीएस४ घेतलेले माझे मित्र अजून त्यावर खेळतात.

घेतलाच तर डिस्कवालाच घ्या. एप्रिल २०२४ मध्ये भारतात पीएस५चा स्लिम प्रकार आला तेव्हा बिनडिस्कचा दहा हजारांनी स्वस्त होता आणि भले भले त्याला भुलले. पण बिनडिस्कच्या मशीनला वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडला नाही तर गेम फक्त कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून घ्यावा लागतो आणि तो विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. आम्ही पाच मित्रांनी डिस्का वाटून घेतल्या होत्या. एकाने फुटबॉल घ्यायचा, दुसऱ्याने स्पायडरमॅन, संपला की पुढच्याकडे. शेवटी दुकानात किंवा ऑनलाइन विकायचा, निम्मे पैसे तरी सुटतात. पाच हजाराचा गेम अशाने प्रत्येकाला पाचशे-सातशेलाच पडतो.

तीस हजारच असतील तर सेकंडहँड पीएस४ बघा. त्याचेही चांगले गेम डिस्कवर अगदी स्वस्तात मिळतात.

घाटावरचा मेकॅनिक

ताई, माझं कराडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुंभार्ली घाट चढून तुमच्याकडची बरीच मशीन माझ्याकडे येतात. २०२१च्या पुरानंतर तर टेम्पोने आली होती, चिखलासकट. तेव्हा कोकणात काय टिकतं आणि काय नाही हे मी रोज उघडून बघतो. या विषयावर मला मनापासून बोलायचंय, लांबेल, पण वाचा.

आधी नारायणपेठींचा मुद्दा. डिस्कबद्दल ते बोलले ते शंभर टक्के बरोबर. पण मित्र पाच असतील आणि पाचही जणांकडे पीएस५ असेल तर. चिपळूणात तुमच्या मुलाच्या वर्गात किती जणांकडे आहे ते त्याला विचारा. एकट्याकडे असेल तर डिस्क फिरणार कुठं?

आता पीएस५चा पहिल्या वर्षाचा खरा हिशेब. मशीन ५४,९९०. त्यातले सुमारे ८,४०० रुपये जीएसटीच आहेत, आणि हा दर २०१८च्या डिसेंबरमध्ये परिषदेने २८ टक्क्यांवरून १८वर आणला तेव्हा इतका झाला, नाहीतर आणखी असता. डब्यात कंट्रोलर एकच येतो. तुमच्याकडे भावंडं दोन. दुसरा कंट्रोलर भारतात आला तेव्हाच ५,९९० होता. तीन नवे गेम धरा, पंधरा हजार. झाले ७६ हजार. त्यावर, विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा कंपनीचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या तीस हजारांत हे बसत नाही आणि ओढूनताणून बसवूही नका.

मी तुमच्या जागी असतो तर ऑफिसातून निघालेला सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला असता आणि त्यात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उमटवणारा भाग, टाकलं असतं. का ते सांगतो.

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी त्याच्या आगेमागे गठ्ठ्याने मशीन काढली आणि ती आमच्यासारख्यांकडे आली. पण यात एक फसवणूक चालते, ती नीट समजून घ्या. सातव्या पिढीपर्यंतचा इंटेल प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, विंडोज ११ला अधिकृतपणे चालत नाही. तीच मशीन सगळ्यांत स्वस्त मिळतात आणि दुकानदार "आय-फाइव्ह आहे, आय-फाइव्ह" एवढंच सांगतो. आय-फाइव्ह २०१३चाही असतो आणि २०१८चाही. तुम्ही आठव्या पिढीचा किंवा पुढचाच मागा. आय-फाइव्ह ८५०० लिहिलेलं असेल तर उत्तम. आकड्याची सुरुवात आठने किंवा त्याच्या पुढच्या पिढीच्या आकड्याने (नऊ, दहा वगैरे) झाली पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरं, चपटा डबा घेऊ नका, उभा टॉवर घ्या. चपट्यात साधं ग्राफिक्स कार्ड मावत नाही, अर्ध्या उंचीचं शोधावं लागतं आणि ते महाग पडतं. टॉवरमध्ये जीटीएक्स १६५० बसतं. हे कार्ड ७५ वॉटच्या आत चालतं, म्हणून ऑफिस मशीनचा छोटा पॉवर सप्लायही ते ओढतो. फक्त जादा वायर न लागणारा प्रकार घ्यायचा. इथेरियम नावाचं डिजिटल चलन मिळवायला लोक अशी कार्डं रात्रंदिवस राबवायचे, त्याला मायनिंग म्हणतात. २०२२च्या सप्टेंबरात ते बंद झालं, त्यानंतर ती राबलेली कार्डं बाजारात आली. पॉलिश करून, नवीन पंखे लावून विकतात. आरएक्स ५८० नावाचं कार्ड फारच स्वस्त दिसतं त्याचं कारण हे. शिवाय ते करंट जास्त खातं, ऑफिसच्या सप्लायवर चालणारच नाही.

तिसरं, रॅम, म्हणजे मशीनची चालू कामाची मेमरी. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरनी सगळा माल ओढून घेतला. आधी आठ जीबीचं मशीन घेऊन नंतर वाढवू, असं मी गिऱ्हाईकाला सांगायचो. आता सांगत नाही. सोळा जीबी आधीच असलेला नगच शोधा, दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

माझ्याकडच्या भावाने सांगतो, गावोगाव थोडं इकडेतिकडे होईल. टॉवर एसएसडीसकट (साठवणीची वेगवान डिस्क) १४ हजार, कार्ड साडेसात, दोन वायरवाले कंट्रोलर तीन, यूपीएस तीन, आणि वर्षभराच्या गेमना अडीच हजार. तीस झाले. मॉनिटर नको, घरचा टीव्ही एचडीएमआयने जोडा.

यावर तुमच्या मुलाचा स्पायडरमॅन चालतो का? चालतो. सोनीने स्वतःच आपले बरेच गेम काही वर्षांनी पीसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, आणलेत. गॉड ऑफ वॉर २०२२च्या जानेवारीत आला, पहिला स्पायडरमॅन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दुसरा २०२५च्या जानेवारीत. पहिला १६५०वर छान पळतो. दुसऱ्यासाठी कंपनीने कमीत कमी जे कार्ड सांगितलंय तेच १६५० आहे, म्हणजे चालेल पण चित्र कमी प्रतीचं दिसेल. हे मुलाला आधीच स्पष्ट सांगा. पीएस५वर जे दिसतं ते यावर दिसणार नाही. तो नववीत आहे, स्वतः हिशेब मांडतो, त्याला समजेल.

गेमच्या किमतीत खरी बचत आहे. स्टीम नावाचं ऑनलाइन दुकान आहे. २०१५च्या नोव्हेंबरपासून तिथं रुपयात भाव लागतात आणि पुष्कळ गेमचे भाव डॉलरच्या हिशेबाने होतील त्यापेक्षा कमी ठेवलेले असतात. मुलीसाठी स्टारड्यू व्हॅली: शेती, गाई, मासेमारी, गावातली माणसं. एका माणसाने एकट्याने बनवलेला गेम आहे, पाचशेच्या आत मिळतो आणि दोन वर्षं पुरतो. माझ्या पुतणीचं शेत अजून चालू आहे. हॉलो नाइट असाच, ऑस्ट्रेलियातल्या तीन-चार जणांचा, किंमत तेवढीच. पुण्याच्या नोडिंग हेड्स कंपनीचा राजी नक्की घ्या, पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, सगळी आपल्याकडची मंदिरं आणि देवदेवता. हे आपल्या पुण्यात बनलंय हे सांगताना मला आनंद होतो.

मोठे गेम येतील तेव्हा घ्यायचे नाहीत. विशलिस्टमध्ये टाकून ठेवायचे आणि जूनच्या शेवटी किंवा डिसेंबरात सेल लागतो तेव्हा बघायचं. दोन-तीन वर्षं जुना गेम निम्म्याला, कधी पाव किमतीलाही येतो. एपिक नावाचं असंच दुसरं ऑनलाइन दुकान दर गुरुवारी रात्री निदान एक गेम फुकट देतं, आणि तो कायमचा आपला होतो. २०२०च्या मे महिन्यात त्यांनी जीटीए ५ असाच दिला होता. (तो अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, मुलगा मागेल, पण अजून नको.) नाही आवडला गेम, तर स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल आणि चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात. डिस्क उघडल्यावर कुठला दुकानदार देईल?

विजेचं: हे मशीन टीव्ही सोडून दीडशे वॉटच्या आसपास, पीएस५ दोनशेच्या. म्हणजे पाच ते सात तासांना एक युनिट. तुमचं बिल शंभर युनिटच्या वर जात असेल तर एक युनिट दहा-बारा रुपयांचं धरा. तासाला दोन रुपये. याची चिंता करू नका.

इंटरनेटचं: मोठा गेम शंभर जीबीचा असतो. तुमच्या ३० एमबीपीएसवर सात-साडेसात तास लागतील. रात्री लावून झोपा. ज्यांच्याकडे रोज दोन जीबीचा मोबाइल प्लॅनच आहे त्यांना तोच गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील. फायबर नसतं तर मीच म्हणालो असतो, नारायणपेठींचं ऐका, सेकंडहँड पीएस४ आणि डिस्का घ्या.

दोघं मिळून आठवड्याला आठ तास खेळली, तर वर्षाला चारशे तास होतात. तीन वर्षांत बाराशे. तीस हजार, आणि पुढच्या दोन वर्षांच्या गेमचे पाच, असे पस्तीस हजार भागिले बाराशे, तासाला तीस रुपयांच्या आत. आमच्या इथं गेम पार्लरमध्ये तासाला ऐंशी घेतात. पुण्याला मुलांना घेऊन मल्टिप्लेक्सला गेलात, तर चौघांचे तीन तासांचे दीड हजार कुठं जात नाहीत. गेमिंग महाग आहे असं लोक म्हणतात ते पहिल्या दिवशीच्या रकमेकडे बघून. ती रक्कम खरंच मोठी आहे, आणि ज्याच्याकडे ती एकदम नाही त्याला तासाच्या हिशेबाचा काही उपयोग नाही. म्हणून ती आधी खाली आणायची, बाकीचं आपोआप स्वस्त होतं.

वाशिष्ठीकाठची

घाटावरचे दादा, मी हे मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगाही येऊन बसला. राजीचा व्हिडिओ त्याने लगेच शोधला आणि मुलगी तीनदा बघून गेली.

चार शंका आहेत. एक, आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, भांड्यांनासुद्धा बुरशी धरते. मशीन राहील का? दोन, मुलाचा मित्र म्हणतो की सगळे गेम तो पेनड्राइव्हवर फुकट आणून देईल, मग अडीच हजार कशाला. मला हे बरोबर वाटत नाही, पण मुलाला कारण द्यायला हवं. तीन, फोनवरच्या पैशांचं काय करायचं? आणि चार, माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचे पैसे ऑनलाइन रमीत गेले, त्यामुळे सासूबाईंना गेम म्हटलं की तेच आठवतं. त्यांना कसं समजवायचं?

सीताबर्डी

मी नागपूरहून. ताई, इतक्या खरेदीआधी एक सुचवतो. मुलाला महिन्यातून दोनदा गेम पार्लरला जाऊ द्या, दोन-दोन तास. तीनशे रुपये महिना. आम्ही व्हिडिओ गेम शिकलो ते असंच. नव्वदच्या दशकात घरी कॅसेटवाला व्हिडिओ गेम असलेला मुलगा गल्लीत एखादाच, बाकी सगळे त्याच्या घरी. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचो, आठ-दहा पोरं मागे बसून सांगायची, कुठून गोळी येतेय. पार्लरमध्ये ती सोबत अजून मिळते. वर्षभर जाऊन मुलाची आवड टिकली तर मशीन घ्या.

म्युनिकहून

मी मूळची सांगलीची, आता जर्मनीत. इथे परवडण्याचा प्रश्न शहरांनी एका वेगळ्या बाजूने सोडवलाय, म्हणून लिहिते.

इथल्या शहरांच्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकांच्या शेजारीच व्हिडिओ गेमचं कपाट असतं. प्लेस्टेशन, निन्टेंडो स्विच, सगळ्या कन्सोलचे. वाचनालयाच्या कार्डावर पुस्तकासारखा गेम घरी न्यायचा आणि मुदतीत परत करायचा. मुलांचं कार्ड पुष्कळ ठिकाणी फुकट असतं. नव्या गेमला नंबर लावावा लागतो, आमचा मुलगा एकेका गेमसाठी दोन-दोन महिने थांबतो. कन्सोल आम्ही घेतला, पण तीन वर्षांत त्याचे विकत घेतलेले गेम एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ग्रंथपाल बाई त्याला वयाप्रमाणे गेम सुचवतात, डब्यावरचं वयाचं लेबल बघतात, आणि न्यायला आलेल्या गेमसोबत एखादं पुस्तकही हातात देतात.

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं आहे. दीडशेपेक्षा जास्त वर्षं वर्गणीदार सांभाळणाऱ्या संस्था आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांतल्या एखादीने बालविभागात पंधरा-वीस डिस्का ठेवल्या तर नारायणपेठींची पाच मित्रांची पद्धत अख्ख्या गावाला मिळेल. वाशिष्ठीकाठच्या ताई शिक्षिका आहेत, त्यांचं ऐकलं जाईल असं मला वाटतं.

घाटावरचा मेकॅनिक

म्युनिकच्या ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. दिवाळीनंतर आमच्या इथल्या वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटतो. एक जुना पीएस४ दुकानात दुरुस्त होऊन पडलाय, तो देईन, सोबत डिस्काही.

सीताबर्डी, सोबतीचं पटलं. सायबर कॅफे चालवायचो तेव्हा तासाला पंधरा रुपये देऊन पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची, आणि त्यांतली काही आज माझी गिऱ्हाइकं आहेत. पण तीनशे रुपये महिना म्हणजे वर्षाचे छत्तीसशे आणि त्यात मिळतात अठ्ठेचाळीस तास. शिवाय पाचवीतली मुलगी पार्लरला जाणार नाही, तिचं काय? दोघांनी एकत्र खेळावं हे ताईंना हवंय.

ताई, आता तुमच्या शंका.

ओलीचं: मशीन जमिनीवर ठेवायचं नाही, आणि तुमच्या घरात तर वरच्या मजल्यावरच. भिंतीपासून वीतभर पुढं. पावसाळ्यात रोज निदान अर्धा तास चालू ठेवायचं, आतली ऊब ओल धरू देत नाही. मे महिन्यात बंद करून ऑगस्टात चालू केलेली मशीन माझ्याकडे सगळ्यांत जास्त येतात. मशीनच्या मागच्या बाजूला वापरात नसलेली फट उघडी असेल तर झाकून घ्या, मुंग्या आणि पाली तिथूनच जातात. पॉवर सप्लायमध्ये पाल गेली की बोर्डासकट जातं. यूपीएस खेळ चालू ठेवायला लागत नाही, लाइट गेल्यावर पाच मिनिटांत सेव्ह करून बंद करण्यापुरता लागतो. त्यात काटकसर करू नका, आणि विजा चमकत असतील तेव्हा प्लग भिंतीतून काढा, इंटरनेटची वायरसुद्धा.

पेनड्राइव्हचं: मुलाला माझ्या दुकानातलं सांगा. क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट केलेला, गेम टाकताना पहिली सूचना असते की अँटिव्हायरस बंद करा. मग आत काय येतं ते दिसत नाही. ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम मी अशा मशीनवर पुन्हा पुन्हा बघितलेत. त्याच कॉम्प्युटरवर तुम्ही पगाराची स्लिप उघडणार, बँक उघडणार. आणि स्टारड्यू बनवणाऱ्याने चार वर्षांपेक्षा जास्त एकट्याने खपून तो बनवलाय, सेलमध्ये अडीचशेला मिळतो. तो चोरून खेळायचं कारण मला तरी दिसत नाही.

फोनच्या पैशांचं: त्या फोनवरून यूपीआय आणि कार्ड दोन्ही काढून टाका. ऑटोपे लागलेला नाही ना, तेही बघा. प्ले स्टोअरला फॅमिली ग्रुपमध्ये मुलांची खाती करून खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर घ्या. स्टीमवरही हेच आहे. कुटुंबात सहा जणांपर्यंत खाती जोडता येतात, एकाने घेतलेला गेम दुसऱ्याला खेळता येतो, मूल खरेदीची विनंती पाठवतं आणि पालक पैसे भरतात, रोज किती तास हेही तुम्हीच ठरवता. गेल्या वर्षीचे साडेचार हजार तुमच्याकडे आधीपासूनच खर्च होत होते. तेच पैसे या वर्षी गेमना ठेवा, वर दोन हजार उरतील, ते दिवाळीच्या पिशवीत टाका.

सासूबाईंना एवढंच सांगा की रमीत पैसे लावतात, जिंकतात, हरतात. त्या प्रकारावर केंद्राने २०२५च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. आपल्या घरात येणार आहे त्यात पैसे लावायची जागाच नाही. एकदा त्यांना मुलीच्या शेजारी बसवा, शेतात काय पेरायचं ते त्यांच्याकडून विचारून घेऊ द्या.

वाशिष्ठीकाठची

ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत कराडला येतो, चौघंही. मुलाने वहीत नवा हिशेब मांडलाय, त्यात गेमचा रकाना आहे आणि त्याच्याकडे जमलेले आठ हजार पहिल्या ओळीत. क्रिकेटचा गेम त्याने विशलिस्टमध्ये टाकून ठेवलाय. तुमच्याकडे तसा नग नसला आणि आम्हाला दुसरीकडे घ्यावा लागला, तर घेताना समोर काय काय बघायचं ते लिहून ठेवता का?

घाटावरचा मेकॅनिक

लिहितो. दुकानात मशीन चालू करून घ्यायचं, बंद नग उचलायचा नाही. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं नाव, रॅम सोळा आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव स्वतः वाचायचं, स्टिकरवर विश्वास नाही. कुठलाही गेम अर्धा तास चालवून बघायचा. खराब कार्ड पहिली दहा मिनिटं नीट चालतं, मग रेघा येतात किंवा मशीन बंद पडतं. पंख्याचा खरखर आवाज कानाने ऐका. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालेलं आहे का ते सेटिंगमध्ये दिसतं. निदान एक महिन्याची लेखी हमी मागा, आणि पावतीवर मशीनचा व कार्डाचा सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, म्हणजे परत आणल्यावर "हे आमचं नाही" असं कुणी म्हणणार नाही. यायच्या दोन दिवस आधी इथं निरोप टाका, तुमचा टीव्ही कुठला आहे तेही कळवा, एचडीएमआयची वायर लांब लागणार असेल तर काढून ठेवतो.